पडद्यावरचा बहाद्दर आणि त्याचा दुसरा भाग



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, मी १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलेन. उभा जन्म हमालांच्या संघटनेत घालवलेल्या माणसाने दुसरे बोलायचे तरी काय? मी म्हणालो, यंदा मारधाडीच्या चित्रपटांवर बोलतो. चिटणीस जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, व्यासपीठ वसंत व्याख्यानमालेचे आहे." मी म्हणालो, "ठाऊक आहे. म्हणूनच इथे बोलायचे आहे."

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सारे मोंढ्यात, वाचनालयात आणि चित्रपटगृहाच्या अगदी पुढच्या, म्हणजे स्वस्तातल्या, रांगेत झाले. पहिल्या दोन शाळांविषयी लोक आदराने बोलतात, तिसरीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. पण आमच्या माणसांच्या मनात धैर्याचे जे चित्र आहे ते कोणी काढले, हे प्रामाणिकपणे सांगायचे झाले तर आमच्या पत्रकांनी ते काढले नाही, पुढाऱ्यांच्या भाषणांनीही नाही; ते पडद्याने काढले. त्या चित्रापायी मी एकदा एक संपूर्ण संप गमावून बसलो आहे. ती हकीकत पुढे येईलच.

तर प्रश्न असा आहे. मारधाडीचे चित्रपट शेकड्यांनी येतात आणि जातात. प्रत्येकात एक बहाद्दर असतो, तो दहाजणांना लोळवतो, आणि आपण बाहेर येऊन चहा पिईपर्यंत त्याचे नावही विसरतो. मग एखादाच असा का निघतो की जो चाळीस वर्षे डोक्यातून जात नाही? आणि अशा एखाद्याला घेऊन जेव्हा दुसरा भाग काढतात, तिसरा भाग काढतात, तेव्हा तोच नट, तेच नाव, तीच आरोळी असूनही बहुधा काहीतरी निसटते. ते काय निसटते?

माझे वडील परभणी स्टेशनावर हमाल होते. अंगात लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला. 'दीवार' हा चित्रपट १९७५ सालचा. आमच्याकडे तो पुन्हा लागला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी आमच्या गावाची ख्याती. पण चित्रपटाच्या बाबतीत आम्ही एकाच गोष्टीचा आग्रह धरीत असू, पुन्हा लागला तरी चालेल, पण लागला पाहिजे. वडील सहसा चित्रपट पाहत नसत. मात्र अमिताभ बच्चन यात गोदीतला हमाल झाला आहे आणि त्याच्या दंडाला ७८६ नंबरचा बिल्ला आहे, असे कोणीतरी स्टेशनावर सांगितले, तेव्हा ते मला घेऊन गेले.

गोदामातली ती मारामारी तुम्हा सर्वांना आठवत असेल. हप्ता वसूल करणाऱ्या गुंडांच्या गोदामात विजय एकटा शिरतो, आतून दार बंद करतो. आमच्या रांगेत शिट्ट्यांचा पाऊस पडला. मीही बोटे तोंडात घातली होती. वडील गप्प होते. घरी परतताना ते एवढेच बोलले, "त्या पोराच्या हातावरचे मात्र शेवटपर्यंत गेले नाही."

मला तेव्हा काही उमगले नाही. पुढे मी हा चित्रपट किती वेळा पाहिला याची गणती नाही, आणि दरवेळी वडिलांचे म्हणणे अधिक पटत गेले. विजयचा बाप हा कामगारांचा पुढारी असतो. मालक त्याच्या बायकापोरांच्या जिवाची भीती घालून त्याच्याकडून करारावर सही करून घेतो. कामगार त्याला दगाबाज ठरवतात, तो परागंदा होतो, आणि काही माणसे त्याच्या लहान मुलाला धरून त्याच्या हातावर 'माझा बाप चोर आहे' अशा अर्थाची अक्षरे गोंदतात. त्यानंतर आई डोक्यावर विटा वाहते, मुलगा बुटांना पॉलिश करतो. एवढे सगळे होऊन गेल्यावर मग गोदाम येते. म्हणजे गोदामात तो जे ठोसे मारतो ते आपल्याला त्या हातासह दिसतात. हात दुसरा असता तर तीच मारामारी पाहून आपण शिट्टी वाजवली असती आणि विसरून गेलो असतो.

मारणारा पुष्कळांना जमतो. त्याने आधी काय सोसले आहे, आणि ते कोणापायी सोसले आहे, हे ज्याच्या अंगावर दिसते तो लक्षात राहतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. पण ते नुसते सांगून भागत नाही, चार उदाहरणांवर घासून पाहिले पाहिजे.

हे शहाणपण चित्रपटवाल्यांनी शोधलेले नाही. आमच्या शाहिरांना ते ठाऊक होते. तुळशीदास शाहिराने तानाजीचा पोवाडा रचला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर लढाई झाली. त्या लढाईत किती माणसे पडली, कोणत्या बाजूने चढाई झाली, हे गावातल्या दहाजणांना विचारा. नऊजणांना सांगता येणार नाही. पण रायबाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी निघाला, हे दहाच्या दहाजण सांगतील. ढाल तुटल्यावर हाताला शेला गुंडाळून तो लढला, हेही सांगतील. घरचा मांडव आणि उघडा पडलेला हात, या दोन गोष्टींवर तो वीर साडेतीनशे वर्षे उभा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सिंहगड' हा मूकपट काढला १९२३ साली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, 'सुभेदार' आला. त्यामध्ये २०२० चा हिंदी 'तान्हाजी' होऊन गेला. शेवट काय होणार हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते, तरीही लोक जातात.

पडद्यावरचा आपला पहिला मोठा बहाद्दर म्हणजे मास्टर विठ्ठल. पेंटरांच्याच कंपनीतून आलेला मराठी माणूस, तलवारीच्या हातात तरबेज. त्याची एक हकीकत आम्हा युनियनवाल्यांना फार प्रिय आहे. 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटासाठी त्याने शारदा कंपनी सोडली. कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि दावा जिंकला. नोकराला धनी सोडता येतो की नाही, हा प्रश्न आपल्या चित्रपटसृष्टीत बोलपटाबरोबरच जन्मला म्हणायचा. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो बोलपट लागला. दुर्दैव असे की, मूकपटात गाजलेल्या या वीराची हिंदुस्थानी बोली बोलपटात चालेना, आणि हळूहळू त्याचे दिवस मावळले. दुसरे भगवानदादा पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला. 'अलबेला' १९५१ चा. त्याच्या आधी भगवानदादांनी स्वस्तातले स्टंटपट काढले ते कामगार वस्तीतल्या प्रेक्षकांसाठीच. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे. आज मला ज्यांच्यापाशी थांबायचे आहे त्या मात्र एक बाई आहेत.

मेरी अॅन इव्हान्स. जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातील पर्थ. बाप स्कॉटिश शिपाई, आई ग्रीक. लहानपणीच मुंबईस आल्या. बाप पहिल्या महायुद्धात कामी आला. पेशावरकडे घोड्यावर बसायला शिकल्या, मुंबईत दुकानात विक्रेतीचे काम केले, नाच शिकल्या, सर्कशीत राहिल्या. एका ज्योतिषिणीच्या सांगण्यावरून नाव घेतले नादिया. वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी त्यांना १९३५ साली 'हंटरवाली' या बोलपटाची नायिका केले. सोनेरी केस, निळे डोळे, हिंदी अडखळत; आणि तोंडाला बुरखा, हाती चाबूक. राजाला कैद करून राज्य बळकावणाऱ्या दुष्ट प्रधानाविरुद्ध राजकन्या माधुरी वेष पालटून रयतेचा कैवार घेते, अशी साधी गोष्ट. खर्च ऐंशी हजार रुपये, त्या काळी भरपूर. गोऱ्या बाईला चाबूक घेऊन घोड्यावर नाचताना कोण पाहणार, म्हणून वितरक पुढे येईनात. शेवटी वाडियांनी बिलिमोरियांच्या साहाय्याने तो स्वतःच ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. बाजारात नादियाच्या नावाचे पट्टे आणि चाबूक विकायला आले.

नादियाचे चित्रपट मला प्रथम दिसले ते मोबाईलच्या काचेवर, वयाची पन्नाशी जवळ आल्यावर. 'डायमंड क्वीन' १९४० चा. मी सुरुवातीला करमणूक म्हणून पाहू लागलो आणि एका जागी उठून नीट बसलो. बाई एका धिप्पाड गड्याला उचलून खांद्यावर घेते. मंडळी, ओझे उचलणाऱ्या माणसाला हे फसवता येत नाही. खरे वजन अंगावर येते तेव्हा आधी गुडघे वाकतात, मग मान आत जाते, पाऊल टाच टेकून पडते, आणि श्वास एक क्षण अडकतो. शंभर किलोचे पोते पाठीवर घेतलेला कोणताही हमाल तुम्हाला हे सांगेल. नादियाचे गुडघे वाकलेले दिसत होते. तिने गडी खरोखरच उचलला होता! 'मिस फ्रंटियर मेल' मध्ये, १९३६ साली, ती आगगाडीच्या टपावर हाणामारी करते. आपल्या जागी दुसऱ्या कोणाला उभे न करता ही कामे ती स्वतः करीत असे. आज तारेला टांगून माणूस हवेत उडवतात आणि मागाहून यंत्राने तार पुसून टाकतात. दिसायला ते अधिक भव्य दिसते. पण त्याला वजन नसते, आणि वजन नसलेली गोष्ट डोळ्यांतून निघून जाते.

तरीही केवळ खरेपणाने नादिया लक्षात राहिली असती असे मला वाटत नाही. सर्कशीतही खरीच उडी असते. थोरले वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी होते. आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या रॉयवादी विचाराचे, त्याच विचाराचे. म्हणून नादियाच्या तोंडी मारामारीच्या मधोमध बायकांच्या शिक्षणावर, मोकळेपणावर बोल येतात. राज्य इंग्रजांचे, उघड काही म्हणायची सोय नव्हती. पडद्यावर जुलमी प्रधान मार खाई आणि चार आण्यांच्या जागेवरचा गिरणी कामगार जे समजायचे ते समजून घेई. ती कोणाच्या बाजूने उभी आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. गोरी असूनही ती त्याची होती.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. १९४२ च्या सुमारास वाडिया बंधूंच्या वाटा निराळ्या झाल्या. थोरल्यांना वेगळ्या धर्तीचे चित्रपट हवे होते, धाकट्यांना स्टंट. परळमधली त्यांची जागा व्ही. शांताराम यांनी घेतली आणि तिथे राजकमल उभे राहिले. होमी वाडियांनी बसंत पिक्चर्स ही आपली कंपनी काढली आणि १९४३ साली 'हंटरवाली की बेटी' आणला. पहिल्या भागानंतर आठ वर्षांनी. भारतात गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग काढण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण.

निर्माते दुसरा भाग का काढतात हे मोंढ्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. पोत्यावर मार्का असतो. चांगल्या मालाचा मार्का एकदा बाजारात बसला की, गिऱ्हाईक पोते न उघडता बोली लावते. नव्या मार्क्याला मात्र पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर काढून दाखवावे लागतात. चित्रपटाचे तसेच. नवे नाव लोकांच्या कानी घालायला पैसा लागतो. जुने नाव आधीच कानात असते. म्हणून मार्का तोच ठेवायचा आणि आतला माल परवडेल तो भरायचा, हा मोह होतो. चित्रपटवाले तेवढे लबाड असे समजू नका, आपल्या मोंढ्यातही हे चालते.

'हंटरवाली की बेटी' या नावाकडे मात्र जरा बारकाईने पाहा. त्यांनी 'हंटरवाली क्रमांक दोन' असे नाव दिले नाही. लेक म्हटली. परदेशातही असेच झाले होते. डग्लस फेअरबँक्सचा 'मार्क ऑफ झोरो' १९२० चा, त्याच्या पुढचा 'डॉन क्यू, सन ऑफ झोरो' १९२५ चा. त्यातला मुलगा चाबूक चालवतो, आणि बाप व मुलगा दोघेही फेअरबँक्सच. लेक किंवा लेक्राची गोष्ट सांगितली की बहाद्दराला नवे ओझे मिळते. आईची पुण्याई तिच्या मागे असते आणि आईइतकी आपण आहोत का, ही धाकधूकही. म्हणजे सोसणे नवे येते. नुसता आकडा वाढवला की नवे काहीच येत नाही. जखम पहिल्या भागात भरून गेलेली असते, म्हणून मारामाऱ्यांची संख्या वाढवावी लागते.

याचे सर्वात ढळढळीत उदाहरण अमेरिकेचे आहे. 'फर्स्ट ब्लड' १९८२ चा. व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला रॅम्बो एका गावात पायी येतो. तिथला पोलीस अधिकारी त्याला भटक्या समजून हाकलतो, कोठडीत त्याची विटंबना होते. चित्रपटाच्या शेवटी हा आडदांड माणूस लहान मुलासारखा रडतो, आपल्याला इथे कोणी काम देत नाही म्हणून. बेकार शिपायाची ती गोष्ट होती! १९८५ साली दुसरा भाग आला. आमच्या गावात तेव्हा व्हिडिओवर चित्रपट दाखवण्याचे पेव फुटले होते, तिथे तो आम्ही पाहिला. त्यात रॅम्बोने इतकी माणसे मारली की मोजणारा थकावा. आणि पहिल्या भागात त्याच्या हातून सरळ कोणाचा जीवही गेला नव्हता, एक अधिकारी पडून मेला तेवढाच. दंड अधिक फुगले, पट्टी कपाळाला तीच. ज्या गावाने त्याला भाकर नाकारली ते गाव मात्र कुठे गेले कळले नाही. 'डाय हार्ड' चा पहिला भाग, १९८८ चा, आजही पाहवतो याचे कारण विचाराल तर मी म्हणेन, नायकाच्या पायात बूट नाहीत. फुटलेल्या काचांवरून तो अनवाणी चालतो. आमच्या मंडळींना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हते, पण पाय कळले.

आपल्या घरचे उदाहरण 'सिंघम'. मूळ तमिळ चित्रपट २०१० चा. हिंदी २०११ चा, आणि त्यातला बाजीराव सिंघम हा मराठी फौजदार. चित्रपटाची सुरुवात होते ती एका प्रामाणिक अधिकाऱ्याने खोट्या आळामुळे आत्महत्या केली इथून. त्याची विधवा न्याय मागत फिरते. सिंघम आपल्या शिवगडात सुखी आहे, गावकऱ्यांचा लाडका आहे. बदली होऊन गोव्यात येतो तेव्हा त्याच्यामागे गाव नाही, आणि काही काळ तो खरोखर हरतो, गप्प बसतो. एका मराठी माणसाला वर्दी अंगावर असून हात बांधलेले, हे पाहताना जीव कासावीस होतो. २०१४ चा 'सिंघम रिटर्न्स' आणि २०२४ चा 'सिंघम अगेन' मी पैसे देऊन पाहिले. मोटारी अधिक उडाल्या, हेलिकॉप्टरे आली, तिसऱ्यात तर रामायणाची चौकट आणि अर्धा डझन बहाद्दर एकत्र आले. मला करमणूक झाली नाही असे म्हणणार नाही. पण त्या विधवेसारखे एकही माणूस मला आठवत नाही, जिच्यासाठी हे सारे चालले होते.

मराठीत याला एक वेगळी वाट निघाली आहे. दिग्पाल लांजेकर यांनी 'फर्जंद' (२०१८) पासून शिवकालावर चित्रपटांची माळ गुंफली: 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. प्रत्येक भागात राजे तेच, पण पुढे येणारा वीर वेगळा; कधी कोंडाजी, कधी बाजीप्रभू, कधी तानाजी. ज्याला मरायचे आहे तो त्या भागात मरतो. त्यामुळे दरवेळी गमावण्यासारखे काही शिल्लक असते. या चित्रपटांतल्या भाषणांची लांबी मला सोसत नाही, हे सांगून टाकतो. पण रचना शहाणपणाची आहे.

आता संपाची हकीकत. १९९७ चा हंगाम. गाव मराठवाड्यातलेच, नाव सांगत नाही. हमालीचा दर वाढवून मिळावा म्हणून आम्ही काम बंद ठेवले होते. आठ दिवस झाले होते, अडते मंडळी बोलणीला बसायच्या बेतात होती. आमच्यात बावीस वर्षांचा एक गडी होता, अंगाने मजबूत, चित्रपटांचा मोठा शौकीन. नवव्या दिवशी एका मुनिमाने त्याला आईवरून शिवी दिली. याने सर्वांसमक्ष मुनिमाच्या कानशिलात लगावली, आणि लगावून झाल्यावर, गोदामातल्या विजयसारखा, तिथल्याच एका पोत्यावर पाय टाकून बसला. आमच्या माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. खरे सांगतो, त्या रात्री मीही हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. फिर्याद झाली, गड्याला नेले, आणखी सातजणांची नावे घातली. मारहाण करणाऱ्यांशी बोलणी नाहीत, असे अडत्यांनी जाहीर केले. इतके सोपे कारण त्यांना आम्हीच हाती दिले होते. बाहेरून माणसे आणून माल उतरवला. अकराव्या दिवशी आमचे लोक खाली मान घालून जुन्या दरावर कामाला लागले. तो गडी साडेचार वर्षे कोर्टाच्या तारखा करीत होता. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडे. थप्पड पाहून शिट्टी वाजवणाऱ्यांपैकी त्याच्याबरोबर तारखेला जाणारे पुढे दोघेच राहिले; त्यांतला एक मी, आणि तेही मनाची टोचणी म्हणून.

या प्रकरणानंतर 'दीवार' मी पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानी आली. या कथेत युनियन सुरुवातीलाच हरते. पुढारी सही करतो, कामगार त्याच्यावरच तुटून पडतात, आणि तिथून पुढे तीन तास युनियनचे नाव नाही. हप्ता न देणारा एक हमाल मरतो तेव्हाही गोदीतले बाकीचे शेकडो हमाल एकत्र येत नाहीत. एकटा विजय जातो. १९७४ च्या मे महिन्यात सतरा लाख रेल्वे कामगारांचा संप वीस दिवसांत मोडला होता, आणि आठ महिन्यांनी हा चित्रपट लागला. संघटना हरलेली पाहिलेल्या लोकांना एकट्या माणसाचा ठोसा गोड लागला असेल तर त्यांना दोष कसा देऊ? माझे वडील त्याच रेल्वेच्या फलाटावर उभे होते. मी लेखकांवरही रागावलेला नाही. सलीम-जावेद यांनी त्याच विजयला शेवटी आईच्या मांडीवर मारले आहे. हातावरची अक्षरे त्याला पुसता आली नाहीत, हे त्यांनी लपवले नाही. पण पुढच्या रांगेतला पोरगा शेवट घरी नेत नाही, गोदाम घरी नेतो. आणि जे चित्रपट फक्त गोदामच दाखवतात, हात दाखवतच नाहीत, ते आमचे काम अधिक अवघड करतात.

जाता जाता मार खाणाऱ्यांविषयी बोलले पाहिजे, कारण तेही कामगारच. 'शोले' मध्ये बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा लगाम हेमामालिनींच्या जागी रेश्मा पठाण या स्टंट करणाऱ्या बाईंच्या हाती होते. किती वर्षे हे कोणाला ठाऊक नव्हते! २०१९ साली त्यांच्या जीवनावर एक चित्रपट निघाला तेव्हा लोकांना नाव कळले. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली केंद्राने दोन कायदे केले, एक नोकरीच्या अटींचा, एक कल्याण निधीचा. तरी जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत मोटार उलटवण्याच्या प्रसंगात एक स्टंट कलावंत जागीच गेला. पडद्यावरचे प्रत्येक उड्डाण कोणाच्या तरी मणक्यावर उतरते.

आणि जेव्हा मार नायकालाच बसतो तेव्हा काय होते, हे 'कुली' ने दाखवले. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला मारामारीचे चित्रण चालू असताना अमिताभना पोटात मार बसला, ते मरणाच्या दारातून परत आले. १९८३ साली चित्रपट लागला. त्या ठोशापाशी चित्र थांबवले आहे आणि इथेच मार बसला असे पडद्यावर लिहिले आहे. रेल्वे हमालाची गोष्ट म्हणून आमच्या स्टेशनावरचे झाडून सारे हमाल तो पाहायला गेले होते. ज्यांना कथा आज सांगता येत नाही त्यांनाही ते थांबलेले चित्र आठवते. सबंध चित्रपटात मारामारी जिथे थांबली तेवढीच जागा.

माझे थोरले चुलते होते, त्यांना आम्ही बापू म्हणत असू. निजामाच्या राजवटीत, पोरवयात, कुठल्याशा जत्रेतल्या तंबूत त्यांनी नादियाचा चित्रपट पाहिला होता. पहिला की दुसरा, हंटरवाली की तिची लेक, हे त्यांना सांगता येत नसे. साल तर नाहीच. प्रधान कोण, राजा कोण, सगळे पुसून गेले होते. नादियाच्या घोड्याचे नाव 'पंजाब का बेटा' होते, तेवढे मात्र पक्के आठवे. ऐंशी उलटल्यावर एकदा त्यांनी मला विचारले, "तू एवढी पुस्तके वाचतोस, बाईचे पुढे काय झाले रे?" मी सांगितले की, त्यांनी १९६१ साली होमी वाडियांशी लग्न केले, १९६८ पर्यंत काम केले, आणि १९९६ च्या जानेवारीत मुंबईत त्या गेल्या, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. बापूंनी मान डोलावली. थोडा वेळ गेल्यावर म्हणाले, "आणि घोड्याचे?"